ठिपक्यांची वही : बेंजामिन फ्रँक्लिनचें आत्मचरित्र

जगावें कसें हें शिकविणाऱ्या ग्रंथांची वाण कोणत्याच काळीं नव्हती. आज तर ती मुळींच नाहीं. पहांटे किती वाजतां उठावें, दिवसाचे तास कसे वांटावे, पैसा कसा राखावा, मनाचा निर्धार कसा टिकवावा, या विषयांवरील पुस्तकें दुकानांत दर्शनी फळीवर मांडलेलीं असतात, आणि घरांतला मुलगा किंवा मुलगी शाळेच्या शेवटल्या इयत्तेंत पोंचली कीं काका-मामांकडून त्यांपैकीं एखादें तरी तिच्या हातीं येतेंच. या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडण्याची सुशिक्षितांत एक रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. संसारी माणसाला नियोजनाची, उद्योगाची आणि आत्मसुधारणेची गरज असते, आणि ती भागविण्याचा प्रयत्न करणारें वाङ्मय केवळ तेवढ्याच कारणानें हलकें ठरत नाहीं. मात्र त्याला कांहीं कसोटी हवी. आमच्या मतें ती कसोटी अशी : उपदेशकानें आपला उपदेश प्रथम स्वतःवर चालवून पाहिला होता काय, आणि तो जेथें फसला तेथें तसें सांगण्याचा सरळपणा त्यानें दाखविला काय? या कसोटीस उतरणारीं पुस्तकें थोडीं. अमेरिकन मुत्सद्दी, शास्त्रज्ञ आणि मुद्रक बेंजामिन फ्रँक्लिन याचें आत्मचरित्र हें त्यांपैकीं एक होय. यशाचे मंत्र विकणारे लेखक या पुस्तकाला आपल्या कुळाचा मूळपुरुष मानतात. आम्हांस वाटतें, त्यांनीं पूर्वजाच्या इस्टेटींतील सोनें तेवढें उचललें आणि हिशेबाच्या वह्या मागें टाकल्या. त्या वह्यांविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम पुस्तकाची हकीकत. फ्रँक्लिन १७०६ सालीं बोस्टन येथें जन्मला. बाप चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून विकणारा. घरांत एकंदर सतरा मुलें, आणि मुलग्यांत हा सर्वांत धाकटा. दहाव्या वर्षीं शाळा सुटली. बाराव्या वर्षीं थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवारीचा करार झाला. सतराव्या वर्षीं तो करार मोडून मुलगा फिलाडेल्फियास पळाला. पुढें त्याचा स्वतःचा छापखाना, वर्तमानपत्र, पंचांग, विजेवरील प्रयोग, आणि अखेर एका नव्या राष्ट्राची वकिली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती सगळी कथा या पुस्तकांत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पुस्तकाचा पहिला भाग १७७१ सालीं इंग्लंडांत, एका धर्माधिकारी मित्राच्या खेडेगांवच्या घरीं लिहिला गेला. दुसरा १७८४ सालीं पॅरिसजवळच्या पासी गांवीं. तिसरा १७८८ सालीं फिलाडेल्फियास. आणि १७९० सालीं मृत्यूनें लेखणी काढून घेतली तेव्हां कथानक १७५७च्या सुमारासच अडकून पडलें होतें. ज्या स्वातंत्र्ययुद्धानें लेखकाचें नांव जगभर झालें तें युद्ध पुस्तकांत येतच नाहीं. उरतें काय, तर एका कारागिराची घडण. आणि आमच्या मतें हा तोटा नसून वाचकाचा लाभच आहे. कारण राष्ट्राची वकिली आपणांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्याला येते, परंतु पोटाचा उद्योग आणि स्वतःचा स्वभाव हीं दोन ओझीं सर्वांच्याच डोक्यावर असतात.

या घडणींतील पहिला धडा लेखनाचा आहे, आणि तो इतका कामाचा आहे कीं आमच्या शिक्षकवाचकांनीं तो अवश्य ध्यानांत घ्यावा. भावाच्या छापखान्यांत असतां फ्रँक्लिनच्या हातीं 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड लागला. त्यांतील निबंध त्यानें पाठ केले नाहींत. प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवावा, कांहीं दिवस जाऊं द्यावे, मग त्या टिपणांवरून निबंध आपल्या शब्दांत पुन्हां लिहून मुळाशीं ताडून पहावा, असा क्रम त्यानें चालविला. शब्दसंग्रह तोकडा आहे असें दिसून आलें, तेव्हां गद्याचें पद्य आणि पद्याचें पुन्हां गद्य करून पाहिलें. विचारांची मांडणी साधत नाहीं असें वाटलें, तेव्हां टिपणें मुद्दाम विस्कटून टाकलीं आणि कांहीं आठवड्यांनीं तीं पुन्हां क्रमानें लावण्याचा खटाटोप केला. हें सर्व कामाच्या आधीं, कामाच्या नंतर, आणि रविवारीं. येथें प्रतिभेची गोष्ट नाहीं; आपला दोष नेमका कोठें आहे हें शोधून तेवढ्याच जागीं औषध लावण्याची गोष्ट आहे. 'मेहनत करा' असें सांगणारे पुष्कळ असतात. मेहनत कोणत्या सांध्यावर करावी हें सांगणारा विरळा.

हीच पद्धत पुढें त्यानें आपल्या शीलावर चालवूं पाहिली. तिशीच्या आंतील हा मुद्रक एके दिवशीं ठरवितो कीं आपण नीतीच्या दृष्टीनें निर्दोष व्हावयाचें. त्यासाठीं त्यानें तेरा गुणांची यादी केली : मिताहार, मितभाषण, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, सरळपणा, न्याय, समतोलपणा, स्वच्छता, शांति, इंद्रियसंयम आणि विनय. मूळ यादी बाराचीच होती. 'तुम्हांस लोक गर्विष्ठ समजतात' असें एका क्वेकर मित्रानें दाखल्यांसह पटवून दिलें, म्हणून तेरावा गुण मागाहून वाढविला. मग एक लहानशी वही केली. प्रत्येक गुणास एक पान. पानावर तांबड्या शाईनें आठवड्याच्या सात वारांचे उभे रकाने आणि तेरा गुणांच्या आडव्या ओळी. रात्रीं दिवसाची झडती घ्यावयाची आणि ज्या गुणाविरुद्ध आचरण घडलें असेल त्याच्या घरांत एक काळा ठिपका द्यावयाचा. एका आठवड्यांत एकाच गुणावर मुख्य लक्ष. बाकीचे नेहमींच्या नशिबावर. तेरा आठवड्यांत एक आवर्तन पुरें होई, वर्षांत चार. बागेंतील सगळें तण एकाच दिवशीं उपटावयास न जातां माळी एकेक वाफा घेतो, तसाच हा प्रकार, असें तो सांगतो.

मोबाइलच्या पडद्यावर सवयींचीं कोष्टकें भरणाऱ्या आजच्या तरुणांना हें वर्णन ओळखीचें वाटेल. परंतु त्यांच्या कोष्टकांत आणि या वहींत एक मोठें अंतर आहे. तेथें काम साधलें म्हणजे खूण होते. येथें चुकलें म्हणजे ठिपका पडतो. पहिल्या रीतीनें माणसास आपण किती चांगले आहों हें रोज दिसतें. दुसऱ्या रीतीनें आपण किती वाईट आहों हें दिसतें. फ्रँक्लिन स्वतः म्हणतो कीं आपल्यांत इतके दोष असतील अशी त्याला कल्पना नव्हती. नव्या आवर्तनासाठीं जुने ठिपके खरवडून काढतां काढतां कागदाला भोकें पडूं लागलीं. तेव्हां त्यानें हस्तिदंती पानांच्या टिपणवहींत पक्क्या तांबड्या रेघा आंखल्या आणि ठिपके शिसपेन्सिलीनें देऊन ओल्या स्पंजानें पुसण्याची सोय केली. पुढें आवर्तनें वर्षांतून एकदां, मग कांहीं वर्षांतून एकदां, आणि प्रवासाच्या व कामाच्या गर्दीमुळें शेवटीं मुळींच होईनाशीं झालीं. वही मात्र तो नेहमीं जवळ बाळगीत असे. हा सगळा तपशील लेखकानें गाळला असता तर त्यास कोण विचारणार होतें? परंतु त्यानें तो दिला, आणि तेथेंच या पुस्तकाचा कस आहे.

तेरा गुणांपैकीं त्याला सर्वांत छळलें तें 'व्यवस्थे'नें. या गुणासाठीं त्यानें चोवीस तासांचें वेळापत्रक आंखलें होतें. पांच वाजतां उठून प्रातर्विधि, प्रार्थना, दिवसाच्या कामाची आंखणी, थोडा अभ्यास आणि न्याहारी, आठपासून काम, दुपारीं दोन तास वाचन, हिशेब आणि जेवण, पुन्हां काम, संध्याकाळीं वस्तू जागच्या जागीं लावणें, जेवण, गायनवादन किंवा गप्पा, आणि दहा वाजतां निद्रा. सकाळीं स्वतःस एक प्रश्न, आज कोणतें सत्कार्य करावयाचें. रात्रीं दुसरा, आज कोणतें केलें. हें वेळापत्रक पुढील काळांत हजारों भिंतींवर चिकटविलें गेलें. परंतु त्याच्याच खालीं लेखकानें काय लिहिलें आहे तें भिंतींवर चिकटविणाऱ्यांनीं पाहिलें नाहीं. तो सांगतो कीं खिळे जुळविणाऱ्या नोकराला हें साधेल, परंतु ज्या धन्याला लोकांच्या सवडीनें लोकांना भेटावें लागतें त्याला तें साधत नाहीं. आणि कागदपत्रें व वस्तू जागच्या जागीं ठेवण्याची संवय तर आपणांस जन्मांत लागली नाहीं. येथें त्यानें एक गोष्ट दिली आहे. एका गिऱ्हाइकानें लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि सगळें पातें धारेसारखें लखलखीत करून मागितलें. लोहार म्हणाला, चाक तूं फिरव. लोहार पातें दाबून धरी, त्यामुळें चाक फिरवितांना गिऱ्हाइकाचा दम निघाला. शेवटीं तें म्हणालें कीं आहे तशीच द्या. लोहार म्हणाला, अजून तर नुसती ठिपक्याठिपक्यांची झाली आहे. त्यावर गिऱ्हाइकाचें उत्तर असें कीं मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते. हें लिहितांना फ्रँक्लिनचें वय एकुणऐंशींत होतें. आपण त्या गिऱ्हाइकासारखे ठरलों, परंतु खटपट न करतां जितके झालों असतों त्यापेक्षां बरे झालों, असा त्याचा निवाडा आहे.

आतां त्याच्या वारसांकडे पहा. १९८४च्या सुमारास अमेरिकेंत दिवसाच्या नियोजनाची एक छापील वही निघाली. तिला फ्रँक्लिनचें नांव दिलें गेलें, आणि त्या नांवावर एक मोठा धंदा उभा राहिला. ज्या गुणांत त्यानें आपण अनुत्तीर्ण झाल्याचें लिहून ठेवलें, नेमक्या त्याच गुणाचा तो आराध्यदेव झाला! वहीच्या उपयुक्ततेबद्दल आमची तक्रार नाहीं. ज्याला तिचा उपयोग होतो त्यानें ती खुशाल वापरावी. तक्रार आहे ती धडा आणि अनुभव यांची ताटातूट करण्याच्या रीतीबद्दल. फ्रँक्लिनला ही रीत ठाऊक होती. आपल्या पंचांगांतील उद्योग-काटकसरीचीं सुभाषितें एकत्र करून १७५८ च्या अंकासाठीं त्यानें एका म्हाताऱ्याचें भाषण रचलें. लिलाव सुरू व्हावयाची वाट पाहत बसलेल्या लोकांसमोर म्हातारा तें भाषण करतो. लोक माना डोलावतात. आणि लिलाव सुरू होतांच उपदेशाच्या नेमकें उलट वागून वाटेल त्या किंमतीला वस्तू घेऊं लागतात. ऐकणाऱ्यांतील एकटा पंचांगकर्ताच नव्या अंगरख्याचें कापड न घेतां घरीं परततो. या भाषणाचीं असंख्य पुनर्मुद्रणें व भाषांतरें झालीं. परंतु लोकांच्या ध्यानांत राहिलीं तीं सुभाषितें, लिलाव विसरला गेला.

फ्रँक्लिनवर टीका करणाऱ्या मोठ्या लेखकांचेंही थोडेंबहुत असेंच झालें आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यानें १९०४-०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत भांडवलशाहीची मनोवृत्ति दाखविण्यासाठीं फ्रँक्लिनला साक्षीस बोलाविलें. परंतु त्याचा मुख्य आधार होता तरुण व्यापाऱ्यांस केलेला छोटेखानी उपदेश. वेळ आणि द्रव्य यांचें समीकरण मांडणारें तें सुप्रसिद्ध पत्रक १७४८ सालचें. त्याच वर्षीं, बेचाळिसाव्या वर्षीं, फ्रँक्लिन धंद्यांतून निवृत्त झाला आणि विजेच्या अभ्यासाला व सार्वजनिक कामाला लागला, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. १७३१ सालीं वर्गणीचें ग्रंथालय आणि १७३६ सालीं आग विझविणाऱ्यांचें मंडळ स्थापण्यांत त्याचा पुढाकार होता. आपल्या सुधारलेल्या शेगडीचें एकस्व सरकार देऊं करीत असतां त्यानें तें नाकारलें. इंग्रज कादंबरीकार डी. एच्. लॉरेन्स याचा हल्ला निराळ्या दिशेनें आला. १९२३ सालच्या आपल्या निबंधांत त्यानें तेरा गुणांची टवाळी करून त्यांच्या जागीं स्वतःचे तेरा अर्थ मांडले. माणसाचा आत्मा म्हणजे कुंपण घातलेला वाफा नव्हे, तें घनदाट अरण्य आहे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. लॉरेन्सच्या संतापांत सत्याचा अंश आहे. परंतु ज्याच्या घरीं उद्यांच्या भाकरीची विवंचना आहे त्याला अरण्यापेक्षां वाफ्याची गरज अधिक असते; आणि वाफा पुरता साफ झाला असा दावा खुद्द माळ्यानें कोठेंही केलेला नाहीं. विनयाविषयीं तर तो स्पष्ट सांगतो कीं मला त्याचा देखावा पुष्कळ साधला, खरा गुण फारसा नाहीं. गर्व पुरता जिंकला असता तरी त्या विनयाचाच मला गर्व झाला असता.

आमचा आक्षेप याहून निराळा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे असें आम्हांस वाटतें. फ्रँक्लिन आपल्या आयुष्यांतील दुष्कृत्यांना मुद्रकाच्या भाषेंत 'शुद्धिपत्रांतल्या चुका' म्हणतो. भावाशीं केलेला करार मोडला, ही एक. दुसऱ्याचे वसूल करून ठेवावयाचे पैसे मित्रांवर उधळले, ही दुसरी. लंडनला गेल्यावर वाग्दत्त वधूला एकच पत्र धाडून पुढें विसरून गेला, ही तिसरी. पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली तर पहिलींतील चुका दुरुस्त करता येतात, तसें आयुष्याचें व्हावें, अशी इच्छा तो आरंभींच व्यक्त करतो. आणि त्यानें दुरुस्त्या केल्याही : पैसे व्याजासह फेडले, भावाच्या मुलाला शाळेंत घालून मग धंदा शिकविला, त्या स्त्रीशीं १७३० सालीं संसार मांडला. दोषाला नांव देणें आणि त्याची भरपाई करणें, या दोन्ही गोष्टी उपदेशाच्या पुस्तकांत क्वचित् आढळतात. त्याबद्दल त्याला पूर्ण श्रेय दिलें पाहिजे. परंतु सगळ्याच चुका खिळे बदलून सुधारण्यासारख्या असतात काय? १७३६ सालीं त्याचा चार वर्षांचा मुलगा देवी येऊन गेला. जेन्नरची लस त्या वेळीं अजून साठ वर्षें दूर होती. परंतु देवींतील द्रव्य टोचून सौम्य रोग आणविण्याची पद्धत चालू होती, आणि फ्रँक्लिन तिचा पुरस्कर्ता होता. तरी मुलाला टोचून घ्यावयाचें राहून गेलें. या गोष्टीची हळहळ आपणांस फार दिवस वाटली आणि अजूनही वाटते, असें तो थोडक्यांत लिहितो, आणि इतर आईबापांनीं यावरून अधिक सुरक्षित मार्ग पत्करावा म्हणून आपण हें सांगत आहों, असें म्हणून पुढें जातो. या ठिकाणीं 'शुद्धिपत्र' हा शब्द त्याच्या लेखणींतून उतरत नाहीं. तो शब्द तेथें बसणारच नाहीं, हें त्या जुन्या मुद्रकास कळलें असावें. कुऱ्हाडीवरचे ठिपके पत्करून माणसाला हंसतां येतें. या एका ठिपक्यावर हंसूं येत नाहीं. सगळें पुस्तक आम्हांस जें सांगतें त्यापेक्षां या चार ओळी अधिक सांगतात : दिनचर्येंत राहून गेलेलीं कामें सारख्या वजनाचीं नसतात, आणि कोणतें काम उद्यांवर टाकतां येत नाहीं हें ओळखणें हा नियोजनाचा पहिला नियम आहे.

वहीच्या रकान्यांत न येणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. पहांटेचें चिंतन आणि रात्रीची झडती यांच्या मधल्या काळांत घर कोण चालवीत होतें? फ्रँक्लिन कृतज्ञतेनें सांगतो कीं पत्नी डेबोरा पुस्तिकांच्या घड्या घालून शिवी, दुकान सांभाळी, कागद करणाऱ्यांसाठीं जुन्या चिंध्या विकत घेई. दोन पेन्सांच्या मातीच्या वाडग्यांत दूध-भाकरी खाणाऱ्या या नवऱ्यासाठीं तिनें एके दिवशीं तेवीस शिलिंग खर्चून चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा आणला, ही पुस्तकांतील मोठी गोड हकीकत आहे. परंतु १७६४ सालीं तो कामगिरीवर लंडनास गेला तो डेबोरा १७७४ सालीं वारली तोंपर्यंत परतला नाहीं, हें पुस्तकाच्या मर्यादेबाहेर पडतें. घरीं गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. न्यायाच्या पानावर त्याचा ठिपका दिसत नाहीं. आयुष्याच्या शेवटीं, १७८७ सालीं, तो गुलामगिरी नष्ट करूं पाहणाऱ्या पेन्सिल्व्हेनियांतील संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० सालीं त्या संस्थेचा अर्ज त्यानें काँग्रेसकडे धाडला. परंतु तेथवर कथानक पोंचलेंच नाहीं. आणि ज्या मुलाला उद्देशून पहिला भाग लिहिला, तो विल्यम, न्यू जर्सीचा इंग्रज राजानें नेमलेला गव्हर्नर, युद्धांत राजाच्याच पक्षास राहिला. १७८४ सालीं त्यानें समेटाचें पत्र धाडलें. बापाचें उत्तर थंड होतें, आणि मृत्युपत्रांतही तो दुरावा नमूद झाला. दुसरा भाग लिहिला गेला तो याच वर्षीं. त्यांत मुलाला उद्देशून कांहीं नाहीं. तो सर्व जगासाठीं आहे.

आमच्या वाचकाच्या मनांत येथें तुलना उभी राहणें साहजिक आहे. संसाराचा आणि उद्योगाचा उपदेश मराठीला नवा नाहीं. 'दासबोधा'च्या दोनशें समासांत प्रयत्नावर, व्यवहारचातुर्यावर, फार काय, अक्षर कसें काढावें आणि लेखन कसें राखावें यांवरही स्वतंत्र विवेचन आहे. परंतु तेथें बोलणारा गुरु आहे आणि ऐकणारा श्रोता. गुरूनें आपल्या ठिपक्यांचा हिशेब श्रोत्याला द्यावा ही अपेक्षा त्या परंपरेंत नाहीं, आणि ती तेथें करणें योग्यही नव्हे. हिशेबाचा प्रकार पहावयाचा तर धोंडो केशव कर्वे यांचें १९१५ सालीं निघालेलें 'आत्मवृत्त' घ्यावें. गणिताच्या प्राध्यापकानें जशीं उदाहरणें सोडवावीं तशा शांतपणें अण्णासाहेबांनीं आपली गरिबी, पुनर्विवाह आणि हिंगण्याचा आश्रम यांची हकीकत सांगितली आहे. फ्रँक्लिनप्रमाणेंच तेथेंही पै-पैची काटकसर आहे, आणि तीही स्वतःसाठीं नाहीं. पण मराठी वाचकाचें भाग्य असें कीं त्याच संसाराची दुसरी वहीही आपल्यापाशीं आहे. आनंदीबाई कर्वे यांचें 'माझे पुराण' १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. एका माणसाच्या निश्चयाचा भार घरांतील दुसऱ्या माणसावर कसा पडतो, त्यांत कष्ट किती आणि रुसवे किती, तें त्यांत मोकळेपणें आलें आहे. हीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं. डेबोराचें आत्मचरित्र आपल्याजवळ नाहीं; आनंदीबाईंचें आहे, आणि त्या एका पुस्तकामुळें कोणतीही दिनचर्या पाहिली म्हणजे ती कोणाच्या कष्टांवर उभी आहे हें विचारण्याची संवय वाचकास लागते.

मग या आत्मचरित्रांतून घरोघरच्या माणसांनीं घ्यावें काय? आमच्या मतें चार गोष्टी. एका वेळीं एकाच दोषाला हात घालावा. सगळ्या दोषांवर एकदम चालून जाणारा बहुधा आठवड्याभरांत स्वस्थ बसतो. दोष कोठें आहे तें ढोबळ शब्दांत न सांगतां नेमक्या जागीं लिहून ठेवावें, मग तो लेखनांतला असो कीं स्वभावांतला. वेळापत्रक आंखावें, परंतु आपल्या धंद्याचें आणि आपल्या घराचें. पोस्टांतल्या कारकुनाचें वेळापत्रक वैद्याला लागू पडणार नाहीं आणि लहान मूल असलेल्या आईला तर दोन्हींपैकीं एकही नाहीं. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ठिपका पडला म्हणून वही फेंकून देऊं नये, आणि ठिपक्यांची कुऱ्हाड बरी असें म्हणण्यापूर्वीं तो ठिपका आपल्याच पात्यावर आहे कीं दुसऱ्याच्या अंगावर उमटला आहे, हें पाहावें. टेबलावरचा पसारा पहिल्या जातीचा. विसरलेलें पत्र, थकलेली उधारी, टोचून घ्यावयाचें राहून गेलेलें मूल, या दुसऱ्या जातीच्या गोष्टी. पहिल्यांना क्षमा करण्यांत शहाणपण आहे. दुसऱ्यांना क्षमा करण्याचा अधिकार आपला नसतो.

या पुस्तकाचे संक्षेप बाजारांत पुष्कळ आहेत. त्यांत तेरा गुणांची यादी आणि वेळापत्रक हीं हटकून येतात. आमची शिफारस अशी कीं संक्षेप घेऊं नये. मूळ पुस्तक लहान आहे. आठ-दहा संध्याकाळींत वाचून होतें, आणि जेवणानंतर मोठ्यानें वाचावें इतकें तें रसाळ आहे. घरांतील मुलांना यादी पाठ झाली नाहीं तरी चालेल. खरवडून खरवडून भोकें पडलेला तो कागद, चाकावर दमलेलें तें गिऱ्हाईक, आणि त्या चार वर्षांच्या मुलावरच्या चार ओळी, एवढें त्यांच्या ध्यानांत राहिलें तरी पुस्तक विकत घेतल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.